मत्स्यविनोद आणि परवाना

गेल्या वैशाखांत माझे एक जुने विद्यार्थी कुलू प्रांतांत प्रवासास गेले असतां तेथील नदींत गळ टाकून ट्राउट मासा धरून पाहावा अशी त्यांस इच्छा झाली. मत्स्यखात्याच्या कचेरींत शुल्क भरून त्यांनीं एका दिवसाचा परवाना मिळविला, व परत आल्यावर तो मला पाहावयास दिला. कागद लहानसा आहे. धारण करणाराचें नांव, दिवस, नदीचा ठराविक भाग, काठी एकच वापरावी, जाळें वापरूं नये, ठरल्या संख्येपेक्षां अधिक मासे ठेवूं नयेत, परवाना दुसऱ्यास देऊं नये, इतका मजकूर त्यावर आहे. पाठीमागें धरलेल्या माशांची नोंद करण्यास कोष्टक आहे. त्यांत या गृहस्थांनीं प्रामाणिकपणें शून्य मांडलें आहे. त्यांनीं सहज विचारलें, "गुरुजी, करमणुकीसाठीं मासा धरावयाचा तर सरकारची लेखी आज्ञा लागते, ही रीत आपल्याकडे केव्हांपासून आली?" प्रश्न थट्टेचा होता. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां कौटिल्यापासून कावेरीपर्यंत बरेंच हिंडावें लागलें. त्या शोधाचें फलित येथें सादर करतों.

असा प्रश्न निघाला म्हणजे सामान्यतः दोन उत्तरें मिळतात. एक पक्ष म्हणतो, गळाची करमणूक व तिचा परवाना या दोन्ही गोष्टी इंग्रजांनीं आणल्या. दुसरा पक्ष अभिमानानें सांगतो, आमच्याकडे सर्व कांहीं पूर्वींच होतें. माझ्या मतें पहिल्या पक्षाचें परवान्यापुरतें बरोबर आहे व करमणुकीपुरतें चूक आहे. दुसऱ्याचें याच्या नेमकें उलट. घोटाळा होण्याचें कारण असें कीं, राजानें मासेमारीवर कर घेणें, राजानें मासेमारीस बंदी करणें आणि राजानें कोणा एकास खेळासाठीं मासा धरण्याची परवानगी देणें या तीन गोष्टी भिन्न असून त्या एकच समजल्या जातात.

प्रथम कराची गोष्ट घेऊं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कालाविषयीं विद्वानांत मतभेद असला तरी मत्स्यांसंबंधीं राजाज्ञेचें सर्वांत व्यवस्थित विवेचन त्याच ग्रंथांत आहे. बांधलेल्या जलाशयांतील मासे, होड्या व भाजीपाला यांवर राजाचें स्वामित्व असावें असें जनपदनिवेशाच्या प्रकरणांत सांगितलें आहे. नावध्यक्षाच्या प्रकरणांत मासे धरणारांनीं नौकेच्या भाड्यादाखल सहावा भाग द्यावा असा नियम आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें खरें महत्त्वाचें प्रकरण सूनाध्यक्षाचें, म्हणजे खाटिकखान्यावरील अधिकाऱ्याचें होय. तेथें अभय दिलेल्या मृगपक्षिमत्स्यांची हिंसा करणारास मोठा दंड सांगून पुढें "अप्रवृत्तवध" अशा मत्स्यपक्ष्यांस धरणारास किंवा मारणारास पावणेसत्तावीस पणांचा दंड सांगितला आहे; आणि "प्रवृत्तवध" अशा मत्स्यपक्ष्यांचा दहावा भाग किंवा अधिक राजानें घ्यावा असें म्हटलें आहे.

या दोन शब्दांचा अर्थ काय? शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं मूळ ग्रंथ छापून व १९१५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर करून सर्व जगावर उपकार केले, त्यांनीं "अप्रवृत्तवध" म्हणजे दुसऱ्या जीवांस न मारणारे, आणि "प्रवृत्तवध" म्हणजे हिंस्र, असा अर्थ घेतला आहे. त्यांच्याविषयीं पूर्ण आदर ठेवून मला हा अर्थ पटत नाहीं. तो घेतला तर रोहितासारख्या शेवाळ खाणाऱ्या माशास धरणारा दंडास पात्र होईल आणि करभाग फक्त हिंस्र माशांवर बसेल. ज्या रोहितास मनूनें हव्यकव्यांत ग्राह्य म्हणून नांवानिशीं सांगितलें, तोच मासा धरणारा कोळी दंडास पात्र, ही व्यवस्था कोणत्या राज्यांत चालली असती? शिवाय समासाचा सरळ विग्रह "ज्यांचा वध प्रवृत्त आहे, म्हणजे रूढ आहे, ते" असाच होतो. वधाचें कर्म तो प्राणी आहे, कर्ता नव्हे. तेव्हां ज्यांचा वध रूढ आहे त्यांवर करभाग आणि ज्यांचा वध रूढ नाहीं त्यांच्या हिंसेस दंड, असा साधा अर्थ घेतला म्हणजे दोन्ही वाक्यें परस्परांशीं जुळतात.

हा शब्दच्छल मीं उगीच केला नाहीं. यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. कौटिल्याच्या राज्यांत मासा धरावयाचा कीं नाहीं हें धरणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नाहीं. तें माशाच्या वर्गावर आणि स्थळावर अवलंबून आहे. पोटासाठीं धरणारा आणि मौजेसाठीं धरणारा असा भेद त्यानें केलेला नाहीं. जो धरील त्यानें भाग द्यावा, इतकेंच. मौजेचा विचार ग्रंथांत आहे, पण तो राजाच्या मृगयेसंबंधीं आहे आणि तेथें प्रश्न तें व्यसन कितपत घातक हा आहे. मनूनेंही मृगयेस कामज व्यसनांत प्रथम गणून अतिघातक चारांत तिचा समावेश केला आहे.

बंदीचा सर्वांत जुना लेखी पुरावा अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत आहे. अभिषेकास २६ वर्षें झाल्यावर हा लेख कोरविला. त्यांत अवध्य प्राण्यांची जी यादी आहे तींत अस्थिहीन मासा धरून कांहीं जलचर नांवानिशीं आले आहेत. त्यांपैकीं एकदोन नांवांचे अर्थ अजून वादग्रस्त आहेत. परंतु यादीपेक्षां महत्त्वाची पुढील आज्ञा होय. तीन चातुर्मासी पौर्णिमा व तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, या प्रत्येकीच्या वेळीं चतुर्दशी, पौर्णिमा व प्रतिपदा असे तीन दिवस, तसेंच प्रत्येक उपोसथाच्या दिवशीं मासा मारूं नये व विकूंही नये. या "विकूंही नये" मध्यें मोठा व्यवहार भरला आहे. नुसतें मारूं नये म्हटलें तर रात्रीं मारलेला मासा सकाळीं बाजारांत येतो. विक्री बंद केली म्हणजे मारण्याचें प्रयोजनच उरत नाहीं. विणीच्या हंगामांत बाजारांतील विक्रीवर नजर ठेवणारे आजचे मत्स्याधिकारी तेंच करतात.

त्याच लेखांत आणखी एक शब्द आहे, त्याकडे माझ्या समजुतीप्रमाणें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. तो शब्द "केवटभोग". वरील दिवशीं नागवनांत, म्हणजे हत्तींच्या राखीव अरण्यांत, आणि केवटभोगांत इतरही प्राणी मारूं नयेत असें म्हटलें आहे. केवट म्हणजे कैवर्त, कोळी. भोग म्हणजे उपभोगाचा हक्क असलेलें क्षेत्र. पुढील काळच्या ताम्रपटांतील भोग शब्दाशीं परिचय असलेल्यांस हें सांगावयास नको. तेव्हां इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत नदीचे व तळ्यांचे कांहीं भाग कोळ्यांच्या भोगाचे म्हणून ओळखले जात आणि राजाज्ञेंत त्यांचा उल्लेख हत्तींच्या अरण्याच्या शेजारीं होत असे. पाण्यावर कोणाचा तरी हक्क होता, आणि तो ज्यांचें पोट पाण्यावर होतें त्यांचा होता. पुढील हकीकत वाचतांना हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा अशी विनंति आहे.

आतां करमणूक. येथें आपणांस कल्याणीच्या चालुक्यांकडे यावें लागतें. भूलोकमल्ल सोमेश्वर, तिसरा, यानें ११२७ ते ११३८ पर्यंत राज्य केलें व त्याच्या नांवावर "मानसोल्लास" अथवा "अभिलषितार्थचिंतामणि" हा ग्रंथ आहे. शके १०५१ हा त्याचा काल. पांच विंशति, प्रत्येकींत वीस अध्याय, अशी त्याची रचना आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनीं तो १९२५ पासून १९६१ पर्यंत तीन भागांत संपादिला. मराठी अभ्यासकांस हा ग्रंथ मुख्यतः एका कारणानें ठाऊक आहे: महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात हा उल्लेख त्यांत आहे. ओवीच्या इतिहासकारांनीं त्या श्लोकाचें पारायण केलें. पण ज्या विनोदविंशतींत ती ओवी आहे तींतच थोडें मागें मत्स्यविनोदाचा अध्याय आहे, तिकडे आमच्यापैकीं कोणी फारसें वळलें नाहीं. मीही चाळीस वर्षें वळलों नव्हतों.

तें काम एका प्राणिशास्त्रज्ञानें केलें. डॉ. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते. प्राचीन हिंदूंच्या मत्स्यविषयक ज्ञानावर त्यांनीं एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत लेखमाला लिहिली व तिच्या १९५१ सालच्या लेखांत मत्स्यविनोदाचा परामर्श घेतला. अध्यायांत समुद्रांतील मासे व नद्यांतील मासे, खवल्यांचे व कातडीचे, मोठे, मध्यम व लहान असे वर्ग पाडले आहेत. रोहित, पाठीन, सिंहतुंड इत्यादि नांवें दिलीं आहेत. कोणता मासा कोठें राहतो हें सांगितलें आहे. त्यांना विशिष्ट खाद्य घालून एका जागीं जमविण्याची व चटावविण्याची रीत दिली आहे. आणि मग दोरी, काठी व बडिश, म्हणजे आपला गळ, यांचें वर्णन करून मासा कसा ओढावा हें सांगितलें आहे. आधीं चारा टाकून मासे जमवावे व मग गळ टाकावा, ही युक्ति आजच्या गळकऱ्यांस अपरिचित नाहीं. आयझॅक वॉल्टन याचा गळाच्या छंदावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ सालचा; म्हणजे सोमेश्वर त्याच्या पांचशें वर्षें आधींचा. करमणूक इंग्रजांनीं आणली असें म्हणणाऱ्यांस इतकें उत्तर पुरे.

परंतु या अध्यायांत परवान्याचा मागमूस नाहीं, आणि तो असणारही नाहीं. हा विनोद राजाचा आहे. ज्याच्या आज्ञेनें तळें बांधलें, ज्याच्या चाकरांनीं माशांस चारला, त्यानें कोणाची परवानगी मागावयाची? त्याच विंशतींत गजवाह्याली, मल्ल, श्येन, मृगया असे विनोद आहेत आणि सर्वांचा भोक्ता एकच आहे. धर्मशास्त्रानें ज्यास व्यसन म्हटलें त्यास हा ग्रंथ विनोद म्हणतो, हा फरक मोठा आहे. पण तो विनोद प्रजेनें केल्यास काय, हा प्रश्न ग्रंथकारास पडलाच नाहीं. परवाना उत्पन्न होण्यास दोन गोष्टी लागतात: पाण्यावर सत्ता एकाची असावी, आणि त्याच पाण्यावर मौज करूं इच्छिणारे, राजे नसलेले, पुष्कळ असावेत. ही स्थिति आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत आली.

तिचा आरंभ एका वैद्यानें केला. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या सैन्यांतील डॉक्टर. पुढें तो हिंदुस्थानांतील मत्स्यव्यवसायाचा मुख्य निरीक्षक झाला. देशभरच्या तहसीलदारांस व इतर अधिकाऱ्यांस प्रश्न विचारून त्यानें १८७३ सालीं गोड्या पाण्यांतील माशांवर जो अहवाल छापला, तो वाचतांना मन द्विधा होतें. मासे कमी होत आहेत, कारण बारीक आसांचीं जाळीं, ओढ्यांतील सांपळे, पाण्यांत विष, आणि विणीसाठीं वर चढणाऱ्या माशांची कत्तल, असें त्याचें म्हणणें. यांतील एकही गोष्ट खोटी नाहीं. मी सावित्रीकांठचा. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला कीं आमच्याकडे चढणीचे मासे येत. ओढ्याच्या उलट धारेनें ते भातखाचरांपर्यंत चढत व गाभोळीनें जड झालेले ते मासे लहानमोठे सर्व टोपलीनें, पंचानें, हातांनीं धरीत. आमच्याही घरीं ते शिजत. लपविण्याचें कारण नाहीं. ज्याला डे विणीचा नाश म्हणतो तो आमचा सण होता. गेळफळें ठेचून डोहांत टाकल्यावर मासे कसे पालथे होऊन वर येतात हेंही मीं लहानपणीं पाहिलें आहे.

तेव्हां डे यानें जें पाहिलें तें बरोबर पाहिलें. त्याच्या न्यायबुद्धीचीही एक साक्ष दिली पाहिजे. कावेरी व कोलेरून या नद्यांवर सरकारनेंच बांधलेल्या बंधाऱ्यांमुळें वर चढणाऱ्या माशांची वाट अडली आहे, हेंही त्यानें स्पष्ट मांडलें होतें. परंतु बंधाऱ्यावर पाटबंधाऱ्याचा वसूल अवलंबून होता. सांपळ्यावर फक्त कोळ्याचें पोट होतें. कायदा कोणाविरुद्ध करणें सोपें, हें सांगावयास नको.

याच सुमारास हेन्री सलिव्हन थॉमस हा दक्षिण कानड्याचा कलेक्टर मत्स्यसंवर्धनावर १८७० सालीं एक अहवाल लिहितो आणि १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या खेळावर एक मोठें पुस्तक लिहितो. एकच मनुष्य, एकच लेखणी. एक पुस्तक सरकारासाठीं, दुसरें सोबत्यांसाठीं. थॉमस हा प्रामाणिक अधिकारी होता व माशांचें रक्षण झाल्यास गरिबांचें अन्न वाढेल असें तो मनापासून मानी. पण ज्याच्या एका हातांत दंडाधिकार व दुसऱ्या हातांत काठी, त्यानें केलेल्या नियमांत काठीस निरुपद्रवी व जाळ्यास उपद्रवी ठरविलें जावें, यांत आश्चर्य नाहीं.

मौजेसाठीं मासे धरण्यावर कायद्याचा अंमल मला प्रथम निलगिरींत दिसतो. १८७९ सालचा मद्रासचा दुसरा कायदा निलगिरी जिल्ह्यांतील शिकारीचे प्राणी व बाहेरून आणून रुजविलेले मासे यांच्या रक्षणासाठीं झाला. उटकमंडच्या थंड ओढ्यांत विलायती मासे सोडण्याचे प्रयत्न १८६३ पासून चालले होते. त्यांत स्वतः डे याचा हात होता. पण ज्या ट्राउटाचा विलायती गळकऱ्यांस ध्यास, तो मासा १८७९ सालीं निलगिरींत रुजलेला नव्हता. तो पुढें एच. सी. विल्सन याच्या खटपटीनें १९०६-०७ च्या सुमारास रुजला. म्हणजे कायदा आधीं आला आणि ट्राउट सत्तावीस वर्षांनीं आला. अभय द्यावयाचें तें देशी माशास नव्हे, तर पाहुण्या माशास, आणि त्याच्या शिकारीचा हक्क नियमांत बसणाऱ्या गृहस्थास, हें या कायद्याचें स्वरूप होय. पुढें तेथील नियमांखालीं शिकारीस व गळास परवाना लागूं लागला. आमच्या विद्यार्थ्याच्या हातांतील कागदाचा मूळ पूर्वज मला येथें सांपडतो.

याच्या उलट १८९७ चा चौथा कायदा, जो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होता, त्याचा भर परवान्यावर नसून निषेधावर आहे. पाण्यांत सुरुंग उडवून किंवा विष घालून मासे मारणारास दोन महिनेपर्यंत कैद अथवा दोनशें रुपयांपर्यंत दंड. प्रांतिक सरकारास जाळ्यांचा आस, स्थिर सांपळे व बांध यांवर नियम करण्याचा, आणि एखाद्या पाण्यांत दोन वर्षेंपर्यंत मासेमारी सर्वथा बंद करण्याचा अधिकार. डे याचा अहवाल व हा कायदा यांत चोवीस वर्षें गेलीं. सुरुंग व विष यांवरील कलमांविरुद्ध कोणाही सुज्ञास बोलतां येणार नाहीं. मात्र एक कलम वाचून मी थबकलों. खाजगी पाण्यास हे नियम लावावयाचे तर मालकाची व तेथें मासेमारीचा एकट्याचा हक्क असणाराची लेखी संमति लागे. जमीनदाराच्या तळ्यास संमति लागे. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जाळें टाकणाऱ्या भोयाची संमति कोणी विचारावी असें कलम त्यांत नाहीं, कारण त्याच्या हक्काचा कागद नव्हता. केवटभोग हा शब्द अशोकाच्या दगडावर राहिला. कायद्याच्या पुस्तकांत उतरला नाहीं.

परवाना हें शासनाचें साधन म्हणून ठळकपणें आलें तें १९१४ च्या पंजाबच्या मत्स्यकायद्यांत. कारण तेथेंही ट्राउटच होता. काश्मीरच्या दरबारानें १९०० सालीं स्कॉटलंडांतून त्याचीं अंडीं आणविलीं. आदल्या वर्षीं आलेलीं अंडीं वाटेंत मेलीं होतीं. काश्मीरांतून तो १९०९ सालीं कुलूंत बिआस नदीवर गेला. कुलू तेव्हां पंजाबांत होता. पुढें तो हिमाचल प्रदेशांत गेला व १९७६ सालीं त्या राज्यानें आपला स्वतंत्र कायदा केला. आमच्या विद्यार्थ्यास जो कागद मिळाला त्याची वंशावळ अशी स्कॉटलंड, काश्मीर, पंजाब या मार्गानें उतरली आहे. ट्राउट हिवाळ्यांत विणतो म्हणून तो गळ हिवाळ्यांत बंद. आपला देशी महाशीर पावसाळ्यांत विणतो, म्हणून त्याची बंदी पावसाळ्यांत असावी लागते. समुद्रावर आमच्या कोळ्यांनीं हें नारळी पौर्णिमेनें केव्हांच ठरवून ठेवलें होतें. सरकारनें आतां जून व जुलै असे दोन महिने बंदी घातली आहे. रूढि पंचांग पाहून चाले व सरकार दिनदर्शिका पाहतें, इतकाच भेद. समुद्राचा खवळलेपणा दोघांचाही साक्षी आहे.

महाराष्ट्रांत १९६० च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानें जुन्या निषेधांची जागा घेतली. गळाच्या मौजेस येथें नदीपेक्षां तलाव अधिक उपयोगी पडले. पवईचा तलाव, जो १८९० च्या सुमारास मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठीं बांधला व जो त्या कामीं फारसा आला नाहीं, तो गळकऱ्यांच्या संस्थेच्या पासावर अनेक वर्षें मौजेचें स्थान होऊन राहिला. याहून अधिक लिहावें असें त्यांत कांहीं नाहीं.

लिहिण्याजोगी गोष्ट कावेरीची आहे, आणि तींत पुण्याचा हात आहे. कर्नल सायक्स यानें दख्खनच्या माशांचें वर्णन करतांना १८३९ सालीं पुण्याच्या पूर्वेस सुमारें आठ मैलांवर मुळामुठेंत मिळालेल्या एका महाशीरास मराठ्यांच्या तोंडचें "खुद्री" हें नांव शास्त्रीय म्हणून दिलें. तें आजही चालतें. १९७० नंतर लोणावळ्याच्या वळवण येथें टाटांच्या मत्स्यबीजकेंद्रांत या माशाची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. धरणांमुळें महाशीर नाहींसा होत चालला असतां हें मोठेंच पुण्यकर्म होतें. त्याचीं पिलें देशांत ठिकठिकाणीं धाडलीं गेलीं. कावेरींतही सोडलीं गेलीं. कावेरींत त्या वेळीं तिचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीस उंचवटा असलेला, जगांतील मोठ्यांत मोठ्या महाशीरांपैकीं एक. १९४६ सालीं काबिनी नदींत गळाला लागलेला १२० पौंडांचा मासा याच जातीचा मानला जातो.

कावेरीचा कांहीं भाग गळकऱ्यांच्या संस्थेनें भाड्यानें घेतला होता. तेथें परवानाधारकानें मासा धरावा, वजन करावें, नोंदवावें व परत सोडावें असा नियम होता. आणि सुरुंग लावणाऱ्यांविरुद्ध रखवालदार ठेवले होते. वन्यजीवांच्या अभयारण्यांत गळ टाकणें ही शिकार कीं नाहीं असा प्रश्न १९७२ च्या कायद्यावरून निघाला, आणि २०१० नंतरच्या वर्षांत अभयारण्यांतील गळाच्या छावण्या बंद झाल्या. न्याय्य कीं अन्याय्य, यावर वाद चालूं आहे. मी स्वतः असें मानतों कीं कायद्याच्या शब्दांप्रमाणें निर्णय समजण्यासारखा आहे. पण रखवालदार गेल्यावर सुरुंगवाल्यास कोण अडविणार, या प्रश्नाचें उत्तर त्या निर्णयांत नाहीं.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथें एक निराळीच गोष्ट सांपडते. गालिबोर येथील छावणींत १९९८ ते २०१२ पर्यंत गळकऱ्यांनीं ज्या नोंदी ठेवल्या त्यांचा अभ्यास करून एड्रियन पिंडर, राजीव राघवन व रॉबर्ट ब्रिटन यांनीं २०१५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वह्यांवरून असें दिसून आलें कीं, नदीबाहेरून आणलेला निळसर परांचा महाशीर, म्हणजे सायक्सचा आपला खुद्री, वाढत गेला, आणि कावेरीचा स्वतःचा उंचवट्याचा महाशीर घटत घटत जवळजवळ दिसेनासा झाला. २०१८ सालीं त्यास जगांतील अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत घालण्यांत आलें. ज्यांनीं माशावर प्रेम केलें, परवाना घेतला, मासा परत सोडला, रखवालदार ठेवले, त्यांच्याच आवडीच्या पाण्यांत सद्हेतूनें सोडलेल्या पाहुण्यानें घरधन्यास बाहेर काढलें. आणि हें कळलें कशानें? सरकारी खात्याच्या अहवालांनीं नव्हे, तर ज्या वह्यांकडे कोणी दस्तऐवज म्हणून पाहिलें नसतें अशा, मौजेखातर लिहिलेल्या वह्यांनीं.

आम्ही संशोधक मंडळी बखर, महजर, सनद, ताळेबंद यांस पुरावा मानतों. मासा किती शेराचा, कोणत्या दिवशीं, कोणत्या डोहांत, ही नोंदही पुरावाच आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या परवान्यावरील शून्य हाही पुरावा आहे. फक्त अशीं शून्यें हजारों जमलीं पाहिजेत.

शेवटीं महाडकडील एक स्थळ नोंदवून हा लेख पुरा करतों. काळ नदीवरील वाळणकोंड हा डोह वरदायिनी देवीच्या अभयाखालीं आहे. तेथील महाशीर कोणी धरीत नाहीं; यात्रेकरू त्यांस खाद्य घालतात व ते हातभर अंतरावर येतात. वैतरणेवर तिळसें येथें तिळसेश्वरापुढेंही असाच प्रकार आहे. या डोहांस अभय कोणत्या काळीं व कोणाच्या सांगण्यावरून मिळालें, आणि त्या वेळीं आसपासच्या भोयांना दुसरीकडे पाणी तोडून देण्यांत आलें काय, हा प्रश्न माझ्या मनांत वर्षानुवर्षें आहे. केवटभोगासारखा कांहीं हक्क आमच्या नद्यांवर कागदोपत्रीं चालत असेल तर तो अशाच ठिकाणच्या दप्तरांत उमटलेला असावा. महाड, वाडें व त्या बाजूच्या वतनदार, गुरव अथवा भोई घराण्यांपैकीं कोणाच्या संग्रहीं डोह, कोंड, मासे किंवा जाळें यांचा उल्लेख असलेला एखादा कागद असल्यास त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मोडी वाचून देण्याचें काम मी आनंदानें करीन.